शनिवारचा अंधार

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. हे मी जिथं-तिथं सांगते आणि सांगताना आवाज बारीक करत नाही. कुणाच्या वशिल्यानं मिळालेली गोष्ट नाही ती. पण पुढचं लिहायला जड जातंय, कारण जे घडलं त्याची सुरुवात माझ्या याच मोठ्या आवाजातून झाली.

वारूळवाडीच्या पुढं कालव्याच्या कडेनं आमची वस्ती आहे. मोजकी घरं, सगळी भावकीतली. मधोमध छोटं विहार, त्यापुढं पाण्याची टाकी, आणि तिन्ही अंगांनी ऊस. उसात बिबट्या असतो. आमच्याकडं ही बातमी नाही. "काल टाकीपाशी व्हता" असं लोक दात घासता घासता सांगतात. म्हणून प्रत्येक दाराबाहेर एक बल्ब असतो. दिवेलागणीला तो लावायचा आणि सकाळी बंब पेटवताना बंद करायचा, अशी वस्तीची रीत. घरात आजारी माणूस असो, पाहुणे असोत, बाहेरचा बल्ब चुकत नाही.

मी पुण्याला असते. माझं काम काय, असं कुणी विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हंजी खोडदच्या तबकड्यांवर का?" त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर मी नाही. आमचा छोटा गट आहे आणि आमचं सगळं काम संगणकावर चालतं. सूर्यापासून फार लांब, ग्रहांनाही मागं टाकून गेलेलं एक यान आहे. त्याच्या कॅमेऱ्यानं आभाळाच्या रिकाम्या तुकड्यांचे फोटो घेतलेत. रिकामा म्हणजे जिथं ठळक तारा नाही असा. ते फोटो अभ्यासाला सगळ्यांना खुले आहेत. त्यातून आम्हाला एवढंच हवंय: तारे काढले, धुळीची चमक काढली, कॅमेऱ्याची स्वतःची खोट काढली, तर मागं जे आभाळ राहतं ते किती काळं आहे? ते पुरतं काळं नाही. आजवर जेवढ्या दीर्घिका उजळल्या त्या सगळ्यांचा मिळून एक फिक्का, अगदी नसल्यासारखा उजेड सगळीकडं पसरून राहिलाय. तो मोजायचा. आपल्या जवळपास तो नीट मोजता येत नाही, कारण इथल्या धुळीवर सूर्याचं ऊन पडतं आणि सगळं पांढुरकं होतं. म्हणून तेवढ्या लांबचं यान.

यात माझ्या वाट्याला झाकायचं काम आहे. फोटोत जो जो तारा दिसेल त्याच्यावर गोल झाकण ठेवायचं. तारा मोठा असेल तर झाकणही मोठं, कारण त्याचा उजेड कडेनं सांडतो. संगणक बरंच करतो, पण त्याचं राहिलंसाहिलं माणसाला बघावं लागतं. ते मी बघते. सकाळी नऊच्या पुढं ऑफिसात जाते आणि संध्याकाळी सातच्या आत खोलीवर येते. खिडकीला पडदा असतो, कारण संगणकाच्या स्क्रीनवर ऊन आलं की बारीक ठिपके दिसत नाहीत. या कामाचा रात्रीशी काही संबंध नाही. हे मी वस्तीत कधी नीट सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते वेगळंच. एका पौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि आईनं परस्पर जाहीर केलं, "आता आमची पोरगी तिच्या कामाचं दोन शब्द बोलंल." मी आधी नको-नको केलं. नको-नको करतानाच पदर खोचल्यासारखी उभी राहिले, हेही खरं. समोर सगळी आपलीच माणसं. ज्यांनी मला नाक पुसताना पाहिलंय ती. त्यांच्यापुढं जरा पुस्तकी बोलावंसं वाटलं. म्हणाले, "लांबचा उजेड मोजायचा असेल, तर आधी जवळचे दिवे मालवावे लागतात."

वाक्य मलाच आवडलं. पुढं बसलेल्या थोरल्या काकीनं विचारलं, "मालवायचं म्हंजी? बंद करायचं का?"

"हो काकी. सगळे. एक जरी राहिला तरी मोजणी चुकते."

माझ्या डोक्यात तारे होते. काकीच्या डोक्यात काय होतं ते मी विचारलं नाही. माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी टाळ्या ऐकत होते.

त्यानंतर मी शनिवारी घरी आले की आभाळ काही वेगळंच असायचं. जेवण झालं की मी स्लॅबवर जायची. खाली सगळी वस्ती काळी. एका दारावर बल्ब नाही. आकाशगंगा कालव्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. पुण्यात हे कुठं? मी चटईवर पडून राहायची. आठवडाभर जे तारे एकेक करून झाकले, ते इथं मोकळे बघायला मिळतात, एवढंच सुख होतं. दुसरं काही मोजत नव्हते की लिहीत नव्हते.

पहिल्यांदा मी आईला विचारलं होतं, "लाईट गेली का गं?"

आई म्हणाली, "बाहेरची. तू बघ तुझं आभाळ."

मी मान हलवली. पण खाली काकीच्या घरातून हिंदी मालिकेचा आवाज येत होता. सासू सुनेवर ओरडत होती, मागं ढोल वाजत होते. घरात टीव्ही चालतो आणि लाईट फक्त दारांबाहेरची जाते, असं कधी होतं का? एवढं कळायला पदवी लागत नाही. मला ते त्याच क्षणी कळायला हवं होतं, आणि कुठंतरी कळलंच होतं. पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं आणि आभाळ गेलं असतं. मी कूस बदलली. पुढच्या शनिवारी तर विचारलंही नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

काकी म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांची बायको. चुलते गेल्यावर ती आणि तिचा मुलगा दोघंच. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणते. नारायणगावात वायरमनचं काम करतो. वस्तीतला प्रत्येक बल्ब त्याच्याच हातचा. काकीचा जीव तिच्या दोन शेळ्यांवर. त्यातली एक, पांढऱ्या ठिपक्यांची बांडी, गाभण होती, आज-उद्यावर आलेली. काकी तिला स्वतःच्या ताटातली भाकरी द्यायची आणि वर तिलाच दम द्यायची, "लाडावलीस लई. पोरगं झालं की कळंल."

एका रविवारी सकाळी मी चूळ भरायला बाहेर आले तर काकीच्या गोठ्यापुढं माणसं जमली होती. काटक्यांच्या कुडाची एक बाजू आत ढकललेली. बांडी नव्हती. तिची दोरी खुंट्याला तशीच होती आणि टोकाला तुटका गळपट्टा. ओल्या मातीत पंजे उमटले होते, आणि उसाकडं काहीतरी ओढत नेल्याचा पट्टा गेला होता. काकी उंबऱ्यावर बसली होती. रडत नव्हती. हातात भाकरीचा तुकडा होता, रोज सकाळी बांडीला द्यायची तो.

वनखात्याचा माणूस आला. तरुण होता, त्यानं शांतपणे सगळं पाहिलं, पंजाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढला. मग वर बघून दादाला विचारलं, "भाऊ, बल्ब तर चांगला दिसतोय. रात्री चालू नव्हता का?"

दादा म्हणाला, "नाय ना साहेब. शनिवार व्हता."

"शनिवारी काय बल्बाचा उपास असतो का?"

दोघं-तिघं हसले. दादानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान वळवली. उत्तर काकीनंच दिलं, अगदी सरळ, शेजारणीला पाहुणे कोण आलेत ते सांगावं तसं. "आमची पोरगी येती शनिवारी. ती आभाळाचा बारीक उजेड मोजती. आपला बल्ब आडवा येतो तिला."

त्या माणसानं माझ्याकडं आदरानं पाहिलं. "अस्सं? मोठं काम आहे मॅडम." मग काकीला म्हणाला, "बल्ब असला तरी येतो कधीकधी. पण लावत जा आजी."

मी तिथंच तोंड उघडायला हवं होतं. सगळे होते, दिवसाचा उजेड होता, दोन वाक्यांचं काम. माझ्या तोंडात चूळ भरल्यावरची मंजनाची चव तशीच होती आणि मी मातीतल्या पंजाकडं बघत उभी राहिले. काकी उठली, तो भाकरीचा तुकडा दुसऱ्या शेळीपुढं टाकला आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "जाऊंदे बाय. तुझी मोजणी झाली का पण नीट?"

मी म्हणाले, "झाली."

हा एक शब्द मी अजून गिळू शकलेले नाही. आधीचं सगळं गैरसमजात घालता येईल. हा शब्द नाही.

घरात येऊन मी आईला म्हणाले, "तू सगळ्यांना बल्ब बंद करायला सांगितलंस?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मी कशाला सांगू? तूच नाय का बोललीस विहारात? दिवे मालवावे लागत्यात म्हणून. मी फक्त तू कधी येणार ते सांगती."

"अगं आई, ते ताऱ्यांचं बोलले मी! ते यान कुठं, आपला बल्ब कुठं. आपल्या बल्बानं त्याला काय होणार?"

आता तिचा हात थांबला. "काय नाय व्हत?"

"काहीच नाही."

तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मग आता नको सांगूस."

"आणि पुढच्या शनिवारी? काकी परत बंद करेल."

"मी तिला म्हणंन, तुझं काम झालं. आता गरज नाय. संपलं म्हणायचं." आवाज खाली आणून म्हणाली, "लोकं काय म्हणतील गं? म्हणतील, शिकलेली पोरगी, आन् आपल्याला अंधारात बसवून वर मजा बघत व्हती."

ती चुकीचं काहीच बोलत नव्हती. म्हणणारे तेच म्हणाले असते, कारण तेच झालं होतं.

दुपारच्या एसटीनं मी निघाले. काकीच्या दारावरून जाताना ती कूड बांधत होती. मी "येते काकी" म्हणाले आणि पाय उचलला. मंचरला गाडी स्टँडात शिरताना अर्ध्या रस्त्यात अडकली, पुढं कांद्याच्या गाड्या, मागं हॉर्न. खिडकीतून दुकानांचे दिवे दिसत होते, ऊन असतानाही लावलेले. मी मनात सबबी मांडत होते. बिबट्या बल्ब असतानाही येतो. कूड जुनाच होता. बंद करा असं मी कुणाला म्हटलं नाही. बडेजाव आईनं केला. एकेक काढून बाजूला ठेवत गेले. ऑफिसात आम्ही हेच करतो. माहीत असलेलं सगळं वजा करायचं आणि मग जे राहील त्याच्याकडं बघायचं. आमच्या कामात तेव्हा एक भीती असते, की जे राहिलंय ते खरंच आभाळातलं आहे की आपल्याच हातची चूक? इथं तसली काही शंका नव्हती. सबबी संपल्या तरी खाली टीव्हीचा आवाज राहिला आणि चटईवर कूस बदलणारी मी राहिले.

त्या आठवड्यात माझं काम वाईट झालं. एका फोटोत मोठ्या ताऱ्यावर लहान झाकण ठेवलं आणि त्याच्या कडेनं सांडलेला उजेड तसाच पुढं गेला. आमच्या गटाच्या मॅडमनी पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "हे तुझं नाही वाटत." मी म्हणाले, "माझंच आहे."

बुधवारी दादाला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडं ड्रिल मशीन चालू होती, ती थांबली.

"म्हंजी आमचे बल्ब तिकडं दिसतच नाय?"

"नाही दादा."

"आयला." मग हसला. "आन् मी येडा, टाकीवरचा बी काढून ठेवला व्हता. म्हणलं म्याडमचा आकडा चुकायला नको." हसणं संपल्यावर म्हणाला, "म्हातारीला मी नाय सांगणार. तू तुझ्या तोंडानं सांग. फोनवर बी नको."

"चिडेल ना?"

"चिडली तर बरं म्हण."

तेव्हा मला त्याचं बोलणं समजलं नाही.

पुढच्या शनिवारी मी सुट्टी टाकून दुपारीच पोचले. आई म्हणाली, "मी बोललेय, काम झालं म्हणून." मी चहा घेतला. ऊन उतरलं. दिवेलागणीला बाहेर आले तर बाकीच्या दारांवर बल्ब लागले होते. काकीचं दार काळं. आईचं बोलणं तिनं मानलं नव्हतं. काकी गोठ्याच्या तोंडाशी खाट टाकून बसली होती, मांडीवर काठी, आणि राहिलेली शेळी तिच्या पायाशी बांधलेली.

"काकी, बल्ब?"

"असूंदे. तुझी आय म्हणती काम झालं. पर मला म्हाईत हाय, तिला माझ्या शेळीचं वाईट वाटतंय म्हणून बोलती. तू जा वर. मी बसलेय हितं राखायला."

मी तिच्या ओट्यावर चढले आणि बटण दाबलं. बल्ब लागला. काकीनं डोळ्यांवर हात धरला. "अगं ए, काय करतीस! मोजणी!"

"काकी, इथं काही मोजत नाही मी. कधीच मोजलं नाही."

तिला कळेना. मी खाटेच्या कडेला बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. यान किती लांब. त्यानं फोटो आधीच काढलेत. मी फक्त ते बघते. आपला बल्ब तिथवर जातच नाही. या वेळी एकही गोड वाक्य केलं नाही.

काकीनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "मंग मोजतीस कुठं?"

"पुण्याला. ऑफिसात."

"रातचं?"

"नाही. दिवसा."

"दिवसा?" तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि एकदम खदखदून हसली. ओट्यापलीकडून दादाचाही हसण्याचा आवाज आला, तो कधीचा तिथं उभा होता कोण जाणे. "ऐकलं का रं, ही दिवसा चांदण्या मोजती! आन् आमाला रातच्या दाखवल्या!"

मीही हसले. वाटलं, सुटले. चिडली नाही. मग तिचं हसणं हळूहळू कमी झालं आणि ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

"म्हंजी आमचा काय उपेग झाला नाय त्याला."

"नाही काकी."

"शनिवारी मी बटण बंद करायची ना," ती शेळीलाच सांगत असल्यासारखी बोलत होती, "तवा मनात यायचं, की शाळा तर आपल्याला झाली नाय. पर येवढं एक बटण आपण बंद करतो आन् तिकडं एवढा मोठा आकडा बरोबर येतो. आपला बी हात लागलाय म्हणायचं. बांडी गेली तवा बी मी म्हणलं, गेली तर गेली, कायतरी व्हतंय त्यातनं." तिनं मांडीवरची काठी खाली ठेवली. "बरं झालं सांगितलंस. आता लावत जाईन."

दादानं फोनवर काय म्हटलं होतं ते मला आता कळलं. चिडली असती तर मला काहीतरी भरून देता आलं असतं. नवी शेळी आणली असती, चांगला कूड घालून दिला असता. ते पुढं केलंही, आणि काकीनं घेतलंही. पण खरं सांगून मी जे तिच्या हातातून काढून घेतलं, ते मला कुठून आणून देता येणार होतं? खोटं ठेवलं असतं तर ती अंधारात बसली असती. सांगितलं, तर उजेडात एकटी.

"चा करू का?" काकीनं विचारलं. मी हो म्हणाले. नको होता तरी.

अजून मी शनिवारी घरी जाते. काकीचा बल्ब लागलेला असतो, बाकीचेही. टाकीवरचा दादानं परत बसवलाय, आधीपेक्षा मोठा, आणि मी दिसले की तो हाक मारतो, "म्याडम, दिपतंय का?" स्लॅबवर गेलं तर ठळक तारे तेवढे दिसतात. वर फारशी जात नाही. फक्त मी तिचं न ऐकता काकीला सांगितलं, तेव्हापासून शनिवारी आमच्या दारावरचा बल्ब आई लावत नाही. दिवेलागण झाली की ती बटणाजवळून जाते आणि तशीच पुढं स्वयंपाकघरात शिरते. मी उठून लावते. आतून ताटं मांडल्याचा आवाज येतो, नेहमीपेक्षा जरा मोठा.